यंत्राच्या कंपनांची जागेवर नोंद : एज डेटा संकलनाची उभारणी

१. प्रस्तावना

कारखान्यातला जुना फिटर मोटरचे बेअरिंग कसे तपासतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. दहा सेकंद ऐकून सांगतो, "हे अजून चालेल" किंवा "रविवारी उघडून बघू." त्याचा कान तासाभराचा आवाज साठवून कुठे पाठवत नाही. जागेवरच ऐकतो, हवे तेवढे निवडतो आणि फक्त निष्कर्ष कळवतो. आज आपण ज्याला एज डेटा संकलन म्हणतो, त्याची कल्पना हीच आहे. यंत्राजवळच कंपने मोजायची, तिथेच त्यांवर प्रक्रिया करायची आणि आवश्यक तेवढीच माहिती पुढे पाठवायची.

या पाठात आपण एक उदाहरण घेऊन ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभारू. उदाहरण काल्पनिक असले तरी आकडे व्यवहारातले आहेत. फरिदाबादच्या एका कारखान्यात ३७ किलोवॅटची दोन-पोल इंडक्शन मोटर कपलिंगने ब्लोअरला जोडलेली आहे, असे समजू. पूर्ण भाराला मोटरचा वेग मिनिटाला २९६० फेरे आहे. फरिदाबाद, मानेसर, साहिबाबाद, नोएडा अशा दिल्लीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात अशी यंत्रे सर्वत्र दिसतात. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांतही चित्र वेगळे नसते.

पाठाचे मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवतो : सेन्सर बसवताना आणि नमुने घेताना जी माहिती हरवते, ती नंतरच्या कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. त्यामुळे या पाठाचा अधिक भाग संगणकापेक्षा सेन्सर, केबल आणि घड्याळ यांवर आहे.

२. आधी ठरवा : काय शोधायचे आहे?

सेन्सर विकत घेण्याआधी कोणते बिघाड पकडायचे आहेत, याची यादी करावी. प्रत्येक बिघाड आपापल्या वारंवारतेला दिसतो.

आपल्या मोटरची फिरण्याची वारंवारता २९६० ÷ ६० = ४९.३३ हर्ट्झ. त्यावरून पुढील गोष्टी ठरतात.

• असंतुलन : पंख्यावर धूळ साचली किंवा पाते झिजले, तर ४९.३३ हर्ट्झला कंपन वाढते.
• अलाइनमेंट बिघडणे : बहुधा दुप्पट वारंवारतेला, म्हणजे ९८.६७ हर्ट्झला कंपन वाढते.
• स्टेटरमधील विद्युत दोष : पुरवठ्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १०० हर्ट्झला कंपन दिसते.
• बेअरिंगचे दोष : बेअरिंगमध्ये ८ गोळ्या असतील तर ढोबळ नियमानुसार बाहेरच्या कड्याचा दोष ०.४ × ८ × ४९.३३ = १५७.९ हर्ट्झला आणि आतल्या कड्याचा दोष ०.६ × ८ × ४९.३३ = २३६.८ हर्ट्झला दिसतो. अचूक आकडे बेअरिंगच्या मापांवरून काढावे लागतात.

बेअरिंगच्या बाबतीत एक मेख आहे. दोष अगदी लहान असताना वरील वारंवारतांना जवळजवळ काहीच दिसत नाही. गोळी बारीक खड्ड्यावरून जाताना सूक्ष्म ठोका बसतो आणि त्या ठोक्याने बेअरिंगचे घर काही हजार हर्ट्झला झणाणते. दोषाची पहिली खूण या झणाण्यात असते. ठोके सेकंदाला किती वेळा पडतात हे त्या झणाण्याच्या चढ-उतारातून काढण्याच्या पद्धतीला एन्व्हलप विश्लेषण म्हणतात. म्हणून आपल्याला साधारण १० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंतची कंपने नीट मोजायची आहेत.

३. वेग की त्वरण?

मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी आयएसओ १०८१६-३ आणि त्याच्या जागी आलेले आयएसओ २०८१६-३ हे मानक वापरतात. त्यात कंपनाच्या वेगाचे आरएमएस मूल्य पाहतात. भक्कम पायावर बसवलेल्या, १५ ते ३०० किलोवॅट गटातील यंत्रांसाठी १.४, २.८ आणि ४.५ मिमी/सेकंद या तीन सीमा आहेत. १.४ च्या खाली स्थिती नव्या यंत्रासारखी, २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवण्यास योग्य, २.८ ते ४.५ मध्ये फक्त काही काळ चालवावे, ४.५ च्या वर नुकसानीचा धोका.

आपला सेन्सर मात्र त्वरण मोजतो. त्यावरून वेग काढण्याचे सूत्र असे : वेग = त्वरण ÷ (२ × ३.१४१६ × वारंवारता).

सोडवलेले उदाहरण : त्वरणाचे आरएमएस मूल्य ०.१ जी, म्हणजे ०.९८१ मीटर/सेकंद² आहे. (अ) वारंवारता ४९.३३ हर्ट्झ असेल तर वेग = ०.९८१ ÷ ३१० = ०.००३१६ मीटर/सेकंद, म्हणजे ३.१६ मिमी/सेकंद. यंत्र तिसऱ्या पट्ट्यात गेले. लक्ष द्यायला हवे. (आ) वारंवारता २००० हर्ट्झ असेल तर वेग = ०.९८१ ÷ १२५६६, म्हणजे ०.०७८ मिमी/सेकंद. मानकाच्या दृष्टीने यंत्र उत्तम!

त्वरण दोन्हीकडे तेवढेच, पण दुसऱ्या बाबतीत बेअरिंगचा कोवळा दोष वेगाच्या आकड्यात बुडून गेला. म्हणून असंतुलन आणि अलाइनमेंटसाठी वेग पाहावा, तर बेअरिंगसाठी त्वरण. फक्त वेगाचा एकच आकडा पाठवणारे उपकरण बेअरिंगची सूचना फार उशिरा देते.

त्वरणावरून वेग काढताना १० हर्ट्झच्या खालचा भाग आधी फिल्टरने काढून टाकावा. सूत्रात वारंवारता छेदस्थानी आहे. त्यामुळे १ हर्ट्झजवळचा किरकोळ विद्युत गोंगाटही भागाकारानंतर डोंगराएवढा दिसतो.

४. सेन्सरची निवड आणि बसवण

दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिला पिझोइलेक्ट्रिक आयईपीई सेन्सर. याला स्थिर प्रवाहाचा पुरवठा लागतो आणि त्याच दोन तारांवरून संकेत येतो. उद्योगात १ जी ला १०० मिलिव्होल्ट ही संवेदनशीलता नेहमीची. दुसरा मेम्स सेन्सर, जो सिलिकॉनच्या चिपवर घडवलेला आणि स्वस्त असतो.

विद्यार्थी-प्रकल्पांत एडीएक्सएल ३४५ ही मेम्स चिप खूप वापरली जाते. तिचा कमाल दर सेकंदाला ३२०० नमुने आहे, म्हणजे तिची कक्षा १६०० हर्ट्झपर्यंतच. त्यातही चिप आयस्क्वेअरसी बसवर ४०० किलोहर्ट्झने जोडली, तर ८०० च्या वर नमुने नीट वाचता येत नाहीत; पूर्ण दरासाठी एसपीआय जोडणी हवी. असंतुलन शिकण्यासाठी ही चिप उत्तम आहे. बेअरिंगचा सुरुवातीचा दोष तिच्याकडून मागू नये. त्यासाठी सुमारे ११ किलोहर्ट्झची कक्षा असलेली एडीएक्सएल १००२ सारखी चिप किंवा आयईपीई सेन्सर घ्यावा.

सेन्सर कितीही चांगला असो, तो कसा बसवला यावर त्याची उपयुक्त कक्षा ठरते. ढोबळमानाने हाताने धरलेली सळई १ किलोहर्ट्झच्या आतच उपयोगी. चुंबकाने बसवलेला सेन्सर काही किलोहर्ट्झपर्यंत. आटे पाडून स्टडने घट्ट बसवलेला १० किलोहर्ट्झ आणि त्यापुढेही. रंगाच्या जाड थरावर चुंबक चिकटवला, तर रंग मऊ गादीसारखे काम करतो आणि वरची कंपने गिळतो. म्हणून जागा खरवडून सपाट करावी, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि मग स्टड आवळावा.

आपल्या मोटरवर चार सेन्सर लावू : कपलिंगकडच्या बेअरिंगवर आडवा, उभा आणि शाफ्टच्या दिशेने असे तीन, मागच्या बेअरिंगवर आडवा एक. पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर सेन्सर लावू नये. पत्रा स्वतःच थरथरतो आणि बेअरिंगचे काहीच सांगत नाही.

सुरक्षा : सेन्सर बसवण्यासाठी कपलिंगचा गार्ड काढावा लागला, तर आधी मोटर बंद करून मेन स्विचला कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याची खात्री करावी. "दोन मिनिटांचे काम आहे" या वाक्यानेच बोटे जातात.

केबलबद्दल : मोटरला व्हीएफडी असेल तर तिच्या पॉवर केबलपासून सेन्सरची केबल वेगळ्या ट्रेमधून न्यावी. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी. दोन्ही टोकांना केल्यास त्यातून प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झचे खोटे कंपन दिसते. आपल्या मोटरचे असंतुलन ४९.३३ हर्ट्झला दिसते, त्यामुळे हा घोळ विशेष घातक आहे.

५. नमुन्यांचा दर आणि खोटी वारंवारता

समजा सेकंदाला १००० नमुने घेतले आणि यंत्रात ९५०.७ हर्ट्झचे कंपन आहे. नमुन्यांमध्ये ते १००० − ९५०.७ = ४९.३ हर्ट्झला दिसेल, म्हणजे अगदी असंतुलनाच्या जागी! कारखान्याचे लोक ब्लोअर थांबवतील, पंखा बॅलन्स करतील आणि दुसऱ्या दिवशी कंपन तसेच असेल. या दोषाला एलियासिंग म्हणतात. एकदा नमुने घेतले की खरे ४९.३ आणि खोटे ४९.३ वेगळे करण्याचा मार्ग नाही. उपाय एकच : नमुने घेण्याच्या आधी, ॲनालॉग बाजूला, वरच्या वारंवारता अडवणारा फिल्टर हवा.

फिल्टर भिंतीसारखा सरळ उभा नसतो, उतारासारखा असतो. म्हणून नमुन्यांचा दर कमाल वारंवारतेच्या नेमका दुप्पट न ठेवता २.५६ पट ठेवण्याचा प्रघात आहे. १० किलोहर्ट्झसाठी हा दर सेकंदाला २५,६०० येतो.

आता वारंवारतेतला बारकावा पाहू. अलाइनमेंटचे ९८.६७ आणि विद्युत दोषाचे १०० हर्ट्झ यांत १.३३ हर्ट्झचे अंतर आहे. एकावर उपाय फिटर करतो, दुसऱ्यावर वाइंडर. दोन्ही वेगळे दिसलेच पाहिजेत. भार निम्मा झाला की मोटरचा वेग २९८० च्या आसपास जातो आणि अंतर ०.६७ हर्ट्झच उरते. शिवाय देशाच्या ग्रिडची वारंवारताही स्थिर नसते. ग्रिड संहितेने तिच्यासाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरवला आहे. स्पेक्ट्रममधील दोन रेषांतले अंतर = १ ÷ नोंदीचा कालावधी. एका सेकंदाच्या नोंदीत ही दोन शिखरे एकच दिसतील. १६ सेकंदांच्या नोंदीत रेषांतले अंतर ०.०६२५ हर्ट्झ येते आणि शिखरे स्पष्ट सुटतात.

६. काय ठेवायचे, काय सोडायचे?

सलग नोंद घेतली तर किती डेटा होईल? २५,६०० नमुने × ३ बाइट × ४ चॅनल = सेकंदाला ३,०७,२०० बाइट. दिवसाला सुमारे २६.५ गीगाबाइट, तेही एका यंत्राचे. वीस यंत्रांचा हा डेटा कारखान्याच्या साध्या जोडणीवरून रोज पाठवणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. एज उपकरणाने पुढील चार कामे करावीत.

(१) दर मिनिटाला सार : प्रत्येक चॅनलसाठी वेगाचे आरएमएस, त्वरणाचे आरएमएस, शिखरमूल्य, एन्व्हलपची पातळी, तापमान आणि सेन्सरची स्थिती असे सहा आकडे. दिवसाला हे सुमारे ०.१४ मेगाबाइट होते.

(२) दर तासाला दोन प्रकारची नोंद : कमी वारंवारतेसाठी सेकंदाला २५६० नमुन्यांची १६ सेकंदांची नोंद, बेअरिंगसाठी पूर्ण दराची २ सेकंदांची नोंद. पहिली नोंद मूळ डेटातून दर दहावा नमुना घेऊन करतात, पण त्याआधी डिजिटल फिल्टर लावणे अनिवार्य आहे. नाहीतर आधी टाळलेले एलियासिंग इथे मागच्या दाराने येते. चार चॅनलची ही नोंद तासाला सुमारे १.१ मेगाबाइट आणि दिवसाला २६.५ मेगाबाइट होते. सलग नोंदीच्या नेमका हजारावा भाग!

(३) फिरता साठा : शेवटच्या ६० सेकंदांचा कच्चा डेटा मेमरीत कायम ठेवावा. तो फक्त १८.४ मेगाबाइट आहे. मर्यादा ओलांडली गेली की आधीचे आणि नंतरचे प्रत्येकी ३० सेकंद गोठवून साठवावेत. बिघाडाच्या आधी काय झाले, हे नंतर फक्त या साठ्यातूनच कळते.

(४) संदर्भ : वेग, भार, सेन्सरचा क्रमांक, संवेदनशीलता, जागा, दिशा आणि यंत्र चालू होते की बंद, हे प्रत्येक नोंदीसोबत हवे. एखाद्याने सेन्सर बदलला आणि नवी संवेदनशीलता लिहिली नाही, तर पुढचे सर्व आकडे निरर्थक ठरतात.

नमुने घेण्याचे काम लिनक्सवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामच्या लूपला देऊ नये. ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच दुसऱ्या कामाला गेली की नमुन्यांमधले अंतर कमी-जास्त होते. एडीसीला स्वतःचे स्फटिक घड्याळ द्यावे, मायक्रोकंट्रोलरने डीएमएद्वारे दोन बफर आलटून-पालटून भरावेत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक घालावा. ४१७ नंतर एकदम ४१९ आला, तर एक गठ्ठा हरवला हे लगेच कळते. मधली जागा शून्यांनी भरून पुढे जाऊ नये; तुटलेली नोंद टाकून द्यावी.

७. वेळ

चारही चॅनलचे नमुने एकाच क्षणी घ्यायला हवेत. आडव्या आणि उभ्या कंपनांतला कलाफरक निदानाला लागतो. दोन चॅनलमध्ये फक्त १ मिलिसेकंदाची चूक झाली, तरी ४९.३३ हर्ट्झला ती १७.८ अंशांची होते. म्हणून चारही चॅनल एकाच वेळी नमुने घेणाऱ्या एडीसीवर ठेवावेत. दोन वेगळी उपकरणे एनटीपीने जुळवून कलाफरक मोजण्याचा प्रयत्न करू नये. तेवढी अचूकता तिथे मिळत नाही.

घटनेची तारीख-वेळ लिहिण्यासाठी मात्र एनटीपी पुरेसे आहे. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, सांभाळली जाते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक-प्रणालींची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. उपकरणात बॅटरीवरचे घड्याळही हवे. नाहीतर नेटवर्क नसताना वीज जाऊन आली की नोंदींवर चुकीची तारीख पडते.

८. वीज, उष्णता आणि जाळे

दिल्लीच्या परिसरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हातल्या बंद लोखंडी पेटीत तो याहून बराच वर जातो. घरगुती वापराचे बोर्ड आणि मेमरी कार्ड तिथे टिकत नाहीत. औद्योगिक तापमानकक्षेचे भाग घ्यावेत, पेटी धूळबंद असावी आणि सावलीत, मोटरच्या पायापासून वेगळ्या आधारावर लावावी.

वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात मेमरी कार्डवर लिहिणे चालू असेल, तर फाइल प्रणाली बिघडू शकते. लहान बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर देऊन उपकरण व्यवस्थित बंद होईल अशी सोय करावी. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील ग्रिड कोसळले, तेव्हा दिल्लीतही काही तास वीज नव्हती. वीज आणि नेटवर्क गेले तरी आधीची नोंद सुरक्षित राहावी आणि जोडणी आल्यावर आपोआप पुढे जावी, अशीच रचना हवी. एमक्यूटीटीचा पहिला सेवास्तर वापरला तर संदेश किमान एकदा पोहोचतो, म्हणजे कधी दोनदाही पोहोचतो. म्हणून प्रत्येक संदेशाला वेगळा क्रमांक द्यावा आणि सर्व्हरने दुसरी प्रत नाकारावी.

९. आकड्यावर विश्वास कशाच्या आधारे?

पडद्यावर ३.१६ मिमी/सेकंद दिसले. ते खरे कशावरून? याचे उत्तर साखळीने मिळते. कंपनमापनाची राष्ट्रीय मानकेही एनपीएलमध्येच आहेत. या प्रयोगशाळेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ रोजी झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले. तिथल्या मानकाशी जुळवलेले सेन्सर मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळांकडे असतात. अशा प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे कार्यालय गुरुग्रामला आहे. त्या प्रयोगशाळेत आपला संदर्भ-सेन्सर तपासून घ्यायचा आणि त्याच्याशी कारखान्यातले सेन्सर जुळवायचे.

जागेवरच्या तपासणीसाठी हातात धरायचा लहान शेकर मिळतो. तो बहुधा १५९.२ हर्ट्झला हलतो. ही विचित्र संख्या का? कारण २ × ३.१४१६ × १५९.२ म्हणजे जवळजवळ नेमके १०००. त्वरण १० मीटर/सेकंद² असेल तर वेग १० मिमी/सेकंद आणि विस्थापन १० मायक्रोमीटर! सेन्सर शेकरवर ठेवा. पडद्यावर वेगाचा आकडा १० च्या आसपास आला नाही, तर सेन्सर, केबल, एडीसी किंवा सूत्र यांपैकी काहीतरी चुकले आहे. शेकर नसेल आणि सेन्सर मेम्स असेल, तर तो उलटा करून पाहा. वाचन +१ जी वरून −१ जी व्हायला हवे. पिझोइलेक्ट्रिक सेन्सरला स्थिर गुरुत्व कळत नाही, त्यामुळे त्याला ही चाचणी लागू नाही. आयईपीई सेन्सरचे स्थिर व्होल्टेज बहुधा १० ते १२ व्होल्ट असते. ते शून्याजवळ आले तर शॉर्ट, पुरवठ्याइतके चढले तर केबल तुटलेली. ही तपासणी उपकरणाने स्वतः दर मिनिटाला करावी. तुटलेल्या केबलवरचे "कंपन शून्य" हे यंत्र निरोगी असल्याचा दाखला म्हणून वाचले जाऊ नये.

शेवटी, यंत्र बंद असतानाचीही एक नोंद घ्यावी. शेजारच्या प्रेसची किती कंपने जमिनीतून येतात, ते त्यातून कळते. वेगवेगळ्या भारांवर दोन आठवडे नोंद घेऊन मगच मर्यादा ठरवाव्यात, आणि सलग तीन मिनिटे ओलांडली तरच सूचना द्यावी. खोट्या सूचना चार वेळा आल्या की पाचव्या वेळी ऑपरेटर भोंग्याची तार काढून ठेवतो. त्यात त्याचा दोष नसतो.

१०. सारांश

आधी बिघाड ठरवा, त्यावरून वारंवारता, मग सेन्सर, बसवण, फिल्टर, नमुन्यांचा दर आणि नोंदीचा कालावधी ठरवा. साठा आणि जाळे शेवटी येतात. स्क्रूड्रायव्हर कानाला लावणारा फिटर आधी टोक योग्य जागी घट्ट टेकवतो आणि मगच ऐकतो. आपल्या उपकरणानेही हाच क्रम पाळायचा आहे.

सराव प्रश्न

१. चार-पोल मोटरचा वेग मिनिटाला १४८० फेरे आहे. फिरण्याची वारंवारता काढा. तिची चौपट वारंवारता १०० हर्ट्झपासून वेगळी दिसण्यासाठी नोंद किमान किती सेकंदांची हवी?
२. सेकंदाला २००० नमुने घेतल्यास १९२० हर्ट्झचे कंपन कोणत्या वारंवारतेला दिसेल?
३. तीन चॅनल, १६-बिट नमुने आणि सेकंदाला १२,८०० हा दर असताना एका दिवसाचा सलग डेटा किती होईल?
४. तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील एका मोटरसाठी चार सेन्सरच्या जागा आकृती काढून दाखवा आणि प्रत्येक जागेचे कारण लिहा.